वारा न लागलेले पाच दिवस

बहारीनच्या ऑफिसात मला पंचांग म्हणायचे. हे नाव ठेवलं आमच्या मलयाळी सर्व्हेयरने, चिडवायला म्हणून. पण मला त्याचा राग येत नसे, उलट छाती फुगायची. भरती किती वाजता लागणार हे तक्त्यांचं पुस्तक न उघडता सांगणारा माणूस आमच्या कंपनीत मी एकटाच होतो. आणि एका जागी बसून पुस्तक उघडण्याचा मला मुळातच कंटाळा.

यात जादू काही नव्हती. मी गुहागरकडचा. आमच्या बाजूला शाळकरी पोरालाही ठाऊक असतं की तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता पुरी भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. बहारीनच्या समुद्राला हा हिशेब जसाच्या तसा लागत नाही. ते आखात आहे, तिथलं पाणी स्वतःच्या चालीने येतं. पण नोकरीला लागल्यावर पहिले दोन महिने मी वही समोर ठेवून किती तासांचा फरक पडतो ते शोधून काढलं, आणि कुठल्या तिथीला पाणी किती चढतं याचा एक तक्ताही स्वतःपुरता करून ठेवला. बायकोने एकादशी-चतुर्थी बघायला स्वयंपाकघरात मराठी कॅलेंडर टांगलं होतं. त्याची झेरॉक्स मी केबिनमध्ये चिकटवली. त्या जोरावर सर्व्हेयरकडून तीनदा बिर्याणी जिंकलो.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. आमची कंपनी समुद्रात भराव टाकून जमीन करण्याच्या कामांवर देखरेख करायची. भराव किती उंच हवा हे ठरवायचं तर पाणी किती चढतं ते माहीत पाहिजे, म्हणून जेटीच्या टोकाला एका लोखंडी खांबावर मीटर-सेंटीमीटरच्या खुणांची पट्टी बसवलेली होती. शेजारी एक पाइप, पाइपात तरंगता डबा, डब्याला जोडलेलं पेन आणि किल्लीवर फिरणारा कागदाचा ड्रम. पाणी वर गेलं की पेन वर. मी रोज दोनदा पट्टी वाचून आकडा वहीत लिहायचा. ड्रमवरची रेघ कुठून मोजायची, हे त्या आकड्यावर ठरायचं. आणि ड्रम बंद पडला तर उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत दर तासाला जेटीच्या टोकाला जायचं, पट्टी वाचायची, परत यायचं. बस्स, एवढंच काम. सिव्हिलचा डिप्लोमा केलेल्या माणसाने रोज खांबाकडे बघायचं! मला ड्रॉइंग ऑफिसात जायचं होतं. अर्ज दिला होता, साहेबाने तो ड्रॉवरमध्ये टाकला होता.

माझ्या आधी हे काम चौदा वर्षं एका चाचांनी केलं. ते मुरूडकडचे कोकणी मुसलमान. लहानपणी बापाबरोबर होडीवर, मग मुंबईला डॉकमध्ये, तिथून बहारीन. शिक्षण चौथी. त्यांच्या काळात बरीच वर्षं ड्रम नव्हताच, सगळं डोळ्यांनी वाचून हातांनी लिहिलेलं. कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या तेव्हा भर दुपारी आभाळ काळवंडायचं, त्या दिवसांतही त्यांनी पट्टीवर बॅटरी मारून आकडे लिहिले होते. रिटायर झाल्यावर गावी न जाता ते तिथल्याच रिफा शहरात लेकीकडे राहिले. जाण्याआधी पंधरा दिवस त्यांनी मला शिकवलं. माझा तिथीचा हिशेब ऐकून खूश झाले, त्यांनाही तो येत होता. पण लगेच म्हणाले, "ता ठीक हाय, पोरा. पन वहीत लिवताना पट्टी बगून लिव. हिसाब मनात ठेव."

त्यांच्या वह्यांमध्ये मधूनमधून कोऱ्या जागा होत्या. मी विचारलं तर म्हणाले, एकदा मुरूडहून आई गेल्याची तार आली, तीन दिवस जेटीवर गेलो नाही. तेव्हाच्या साहेबाने सांगितलं होतं, अंदाजाने भरून टाक. यांनी भरलं नाही. "बगितलाच नाय तर काय लिवू?" असं ते मला इतक्या साधेपणाने म्हणाले की मला हसूच आलं. म्हटलं, म्हातारा हट्टी आहे.

माझा पहिला जून आला आणि शमाल सुटला. शमाल म्हणजे तिकडचा वायव्येचा वारा, लागला की दिवसेंदिवस थांबत नाही. हवेत नुसती धूळ. जेटीच्या टोकावरून किनारा दिसत नव्हता. पहिल्याच सकाळी ड्रम फिरवणाऱ्या घड्याळात बारीक वाळू गेली आणि ते बंद पडलं. म्हणजे आता दर तासाला पट्टी. मी तोंडाला रुमाल बांधून गेलो. लाटा खांबावर फुटत होत्या, पाणी एका क्षणी या खुणेवर तर दुसऱ्या क्षणी हातभर वर. डोळ्यांत वाळू, चष्म्यावर मीठ. पाच मिनिटं बघूनही नेमका आकडा कळेना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाऱ्याचा, साहेबाचा, खांबाचा, सगळ्यांचाच राग आला. तसाच परत फिरलो आणि केबिनचं दार लावून एसी पूर्ण सोडला.

मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. तिथी समोर, तक्ता खणात. मी त्या दिवसाचे सगळे आकडे बसल्या जागी काढले. छान आले, अगदी शहाण्यासारखे चढत-उतरत. दुसऱ्या दिवशीही वारा तोच, मीही तोच. पाच दिवस मी हेच केलं. वर अक्कल अशी चालवली की दोन-तीन आकडे मुद्दाम खोडून शेजारी पुन्हा लिहिले, खरे वाटावेत म्हणून. सहाव्या दिवशी वारा पडला, मेकॅनिकने घड्याळ साफ केलं, ड्रम चालू झाला. मी पट्टी वाचली. आकडा माझ्या हिशेबाच्या आसपास होता. मला तर वाटलं, मी समुद्राची परीक्षा घेतली आणि तो पास झाला.

त्यानंतर तसं कधी केलं नाही. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही, खरोखरच केलं नाही. पुढचे शमाल आले तेव्हा मी तंगडतोड करत गेलो, शिव्या घालत वाचलं, लिहिलं. ते पाच दिवस मात्र वहीत राहिले आणि मी विसरून गेलो.

दोन वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, एक संशोधक बाई आल्या. युरोपातल्या कुठल्याशा विद्यापीठाच्या. पन्नाशीच्या, उन्हाने नाक लाल झालेल्या, पायात पुरुषी बूट. साहेबाने मला बोलावून सांगितलं, यांना सगळ्या वह्या दाखव. मी विचारलं, एवढ्या जुन्या वह्या कशाला? त्या माझ्याशी दुपारभर बोलल्या. म्हणाल्या, पृथ्वी तापते आहे, तापलं की पाणी फुगतं, बर्फ वितळतं, समुद्र चढतो, हे आता बरेच जण म्हणायला लागलेत. पण या आखातात तो चढतो आहे का, किती, हे सांगायला कोणाकडे काही नाही. वर्षाला चढणार तो तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा. तो भरती-ओहोटीत, वाऱ्यात, ऋतूंत हरवून जातो. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी एकाच पट्टीवर कोणी वाचलेलं असेल तरच तो हाती लागतो. आणि त्यातही दुसरी कटकट आहे. इथे जमिनीखालून गोडं पाणी आणि तेल उपसलं जातं. मग समुद्र वर येतो आहे की जेटीच खाली बसते आहे? त्यासाठी त्यांनी एक सर्व्हेची टोळी लावून जेटीवरच्या पितळी खुणेची उंची आतल्या पक्क्या खडकाशी जुळवून घेतली. ती जुन्या नोंदीशी जुळली. जेटी बसली नव्हती. आता फक्त वह्या खऱ्या हव्या होत्या.

चाचांच्या वह्या बघून त्या इतक्या हरखल्या की मला मत्सर वाटला. "चौदा वर्षं, एक माणूस!" असं दोनदा म्हणाल्या. मी म्हटलं, "आणि तीन माझी." त्या म्हणाल्या, "हो, अर्थातच."

आठवड्याने त्यांनी मला आणि साहेबाला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. टेबलावर दोन लांब कागद पसरलेले होते. एकावर विमानतळावरून आणलेल्या वाऱ्याच्या नोंदी, दुसऱ्यावर आमच्या पाण्याच्या. त्यांनी पेन्सिल टेकवली ती नेमकी त्या जूनवर. वाऱ्याचा कागद नुसता पिंजारलेला. आणि त्याच्याखाली माझी रेघ, गुळगुळीत, शहाणी.

"या पाच दिवसांत तुमच्या समुद्राला वारा लागलाच नाही," त्या म्हणाल्या.

मी काहीतरी पुटपुटलो, ड्रम बंद होता, हाताने वाचलं, असं. खोटं नव्हतं त्यात काही, एक शब्द सोडून. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, कागदाकडे बघत होत्या. म्हणाल्या, हे वाचलेलं नाही, हिशेबाने काढलेलं आहे, आणि हिशेब फार चांगला आहे. असा हिशेब एका दिवसात कोणाला सुचत नाही. म्हणजे ही इथली पद्धत असणार, जुन्याने नव्याला शिकवलेली. मग हाताने लिहिलेल्या कुठल्याच आकड्यावर मी विसंबू शकत नाही. आणि पहिली बरीच वर्षं तर सगळी हाताचीच आहेत. सगळं सोडून द्यावं लागेल.

त्यांनी हे शांतपणे सांगितलं, कोणाचं मयत झाल्यावर सांगतात तसं. मग चष्मा पुसत बाहेर गेल्या.

साहेबाने दार लावलं. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला त्याच्या खात्यावर डाग नको होता. म्हणाला, "तू हे त्या म्हाताऱ्याकडून शिकलास, हो ना? तो रिटायर आहे, त्याला आता कोणी काही करणार नाही. मी वर तसं लिहीन. जुनी पद्धत होती, आता बंद केली, खलास."

मी "हो" म्हणालो नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण मी "नाही" असंही म्हणालो नाही. मूग गिळून उभा राहिलो. साहेबाने ते त्याला हवं तसं घेतलं, मान हलवली आणि फोन उचलला. मी बाहेर आलो.

त्यापुढचे चार दिवस मला धड बसवेना की उठवेना. केबिनमध्ये गेलो की जेटीवर जावंसं वाटे, जेटीवर गेलो की पट्टीकडे बघवत नसे. दिवसातून दहा वेळा पट्टी वाचली, कोणी मागितली नसताना. घरी जेवताना वाटीत आमटी आहे का ताक आहे ते कळत नव्हतं. मुलगी शाळेतलं काहीतरी इंग्रजीत सांगत होती, तिच्यावर उगाच खेकसलो. रडत आत गेली.

ती बैठक बुधवारची. शुक्रवारी सुट्टी होती. मी गाडी काढून रिफाला गेलो. चाचांना सांगायचं असं ठरवून गेलो होतो. नेमकं काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांच्या लेकीने दार उघडलं, "बसा, अब्बा आलेच," म्हणाली. चाचा बाहेर आले ते हसतच. त्यांच्या जावयाने कुठूनतरी ऐकलं होतं की परदेशातली बाई वह्या बघायला आली आहे.

"माज्या वह्या अजून हायत? मना वाटला फेकल्या असतील!"

"आहेत, चाचा."

"त्यांचा काय काम तिला?"

मी समुद्राच्या चढण्याचं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "मना कधी कधी वाटायचा, हा रोज लिवतो ता कोन वाचनार? भराव घालनाऱ्याला एक आकडा पुरतो. पन लिवायचा." लेकीला हाक मारून त्यांनी हेही सांगितलं, की ऐक, तुझ्या बापाचा हिसाब विलायतेला चालला. ती हसली. मी चहा प्यायलो, दोन खजूर खाल्ले आणि काहीही न सांगता निघून आलो. गाडीत बसल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

बायकोला सगळं सांगितलं ते त्या संध्याकाळी. ती पुण्याची, स्पष्ट बोलणारी. आधी तिने विचारलं, "व्हिसाचं काही होईल?" मी म्हटलं, माहीत नाही, होऊही शकतं. फॅमिली व्हिसावर ती आणि मुलगी येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती, मुलीला शाळा मिळवताना आमचे हाल झाले होते. बराच वेळ ती भांडी जागच्या जागी लावत राहिली. मग म्हणाली, "जायची वेळ आली तर जाऊ. पण त्या माणसाच्या ईदच्या शीरखुर्म्याचा डबा मी यापुढे घरात घेऊ शकणार नाही, हे तुला सांगून ठेवते. मला गिळवणार नाही." बस्स. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. तेच मला जास्त लागलं.

मी लगेच दुसऱ्या दिवशी गेलो असंही नाही. शनिवारही तसाच घालवला. रविवारी सकाळी बाई वह्या परत करण्यासाठी खोक्यात भरत होत्या, तेव्हा त्यांच्या दारात उभा राहिलो आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. पाच दिवस, कॅलेंडर, तिथी, तक्ता, मुद्दाम खोडलेले आकडे. आणि हे की म्हाताऱ्याने असं कधी केलं नाही, करू नको म्हणून मला बजावलं होतं.

त्यांनी खोकं खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. विचारलं, "त्याने केलं नाही, हे तुम्हाला कसं माहीत?"

मी कोऱ्या जागांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोऱ्या जागांवरून इतकंच कळतं की काही दिवस त्याने भरले नाहीत. भरलेले दिवस कसे भरले ते त्यावरून कळत नाही."

खरंच, मला काय माहीत होतं? पंधरा दिवसांची ओळख. चौदा वर्षं, दर तासाला, त्या उन्हात! मी पाच दिवस टिकलो नव्हतो. एकदम भीती वाटली की म्हाताऱ्यानेही कधीतरी दार लावून घेतलं असेल तर?

"एकच मार्ग आहे," त्या म्हणाल्या. "वाऱ्याच्या नोंदी पहिल्या वर्षापासूनच्या माझ्याकडे आहेत. प्रत्येक मोठा शमाल काढायचा आणि त्या दिवसाची वही उघडायची. तुमच्याकडे वेळ आहे?"

आम्ही पाच-सहा दिवस तेच केलं. त्या वाऱ्याची तारीख सांगायच्या, मी वही उघडून आकडे वाचायचो, त्या आलेखाच्या कागदावर ठिपके देत जायच्या. प्रत्येक वेळी वही उघडताना माझा जीव टांगणीला. आकडे वाचताना मी मनात तिथी काढत होतो, सवयच ती. हिशेबाने इतकं पाहिजे, आणि चाचांनी लिहिलेलं असायचं वीतभर वेगळं. कधी वर, कधी खाली. एका वादळात तर आकडे इतके वेडेवाकडे की बाईंनी दोनदा वाचून घेतले. वाऱ्याने पाणी आखाताच्या एका टोकाकडून दुसरीकडे ढकललं होतं आणि ते परत हेलकावत आलं होतं, तासन्‌तास, आणि एक चौथी शिकलेला माणूस तिथे उभा राहून ते जसं दिसलं तसं लिहीत होता. शेऱ्याच्या रकान्यात मोडक्या इंग्रजीत कधी "भारी लाट, तीनदा बघितलं" इतकंच. एका पानावर खाऱ्या पाण्याचे डाग पडून आकडे फुटले होते, ते न सुधारता तसेच ठेवले होते.

चाचांकडून एकही शमाल निसटला नव्हता. चौदा वर्षांत एकही.

शेवटची वही मिटली तेव्हा बाई खुर्चीत मागे रेलल्या आणि पहिल्यांदा मोकळं हसल्या. "ही वर्षं मी घेते," म्हणाल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी बोलून गेलो, "मग माझीही करून टाकू. ते पाच दिवस सोडून द्या, बाकी सगळं खरं आहे."

त्यांनी आलेखाचे कागद एकावर एक रचले. नंतर म्हणाल्या, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण तुमच्या वर्षांत ड्रमवरची रेघ कुठून मोजायची, हे तुमच्या रोजच्या आकड्यावर ठरतं. ज्या वहीत एकदा बनवलेले आकडे सापडले, ती माझे सहकारी घेणार नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही घेतली नसती. तुमची तीन वर्षं मी बाहेर ठेवते आहे.

तीन वर्षं. त्यात दुसऱ्या उन्हाळ्यातला तो शमाल होता, ज्यात लाटेने मला खांबावर आपटून गुडघा फोडला आणि तरी मी आकडा लिहिला होता. ते खरं होतं. माझ्याशिवाय हे कोणाला माहीत नव्हतं, आणि आता ते कोणाच्या उपयोगाचंही नव्हतं. मला भांडायचं होतं, पण भांडायला काही हातात नव्हतं.

साहेब चिडला, दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग त्याने वर काय लिहायचं ते लिहिलं, मला एक कडक पत्र दिलं आणि जेटी माझ्याकडून काढून घेतली. मला ड्रॉइंग ऑफिसात बसवलं. अर्ज करून करून जी खुर्ची मिळाली नव्हती, ती शिक्षा म्हणून मिळाली. व्हिसा राहिला.

पुढच्या शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर मी रिफाला गेलो. या वेळी चाचा दारातच होते.

"झाला काय बाईचा?"

"झालं. तुमच्या सगळ्या वह्या घेतल्या, चाचा. चौदाची चौदा वर्षं."

त्यांनी दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले. मला आत बसवलं, पंखा लावला. मग विचारलं, "आनि तुझ्या?"

मी म्हटलं, "एकही नाही." आणि सांगितलं. पाच दिवसांचं सांगितलं. साहेबाने त्यांचं नाव घेतलं आणि मी गप्प राहिलो, हेही सांगितलं. सांगायचं तर सगळंच सांगायचं, असं ठरवून गेलो होतो.

चाचा जमिनीकडे बघत होते. म्हणाले, "त्या पाच दिवसांचा मना ठाव हाय."

मला वाटलं, जावयाने काही सांगितलं असेल.

"मी आलो होतो ना जेटीवर. तुझा पैला शमाल. लाटेत पट्टी कशी वाचायची ता तुला दाखवलाच नाय, असा मना आठवला. म्हनून जावयाला उठवला, गाडी काढायला लावली. जेटीवर कोन नाय. मग केबिनीच्या काचेतून बगितला. तू आत लिवत बसला होतास."

"मग हाक का नाही मारलीत?"

"तुला शरम वाटली असती." त्यांनी गुडघा चोळला. "मना वाटला, सांगशील कवातरी. माज्याकडे येतोस, जेवतोस. सांगशील, इंशाल्ला."

दोन वर्षं. दोन वर्षं हा माणूस मला ईदला घरी बोलावत होता, डबा पाठवत होता, लोकांना "माझ्या जागेवरचा पोरगा" म्हणून ओळख करून देत होता. मी मान वर करू शकलो नाही.

"साहेबाने माजा नाव घेतला, तवापासून तू बाईला सांगितलास तवापर्यंत किती दिवस झाले?"

"चार."

"त्यात तू इथे आला होतास. शुक्रवारी."

"हो."

"चहा पिऊन गेलास."

"हो, चाचा."

ते उठले. त्यांचे गुडघे दुखायचे, उठायला वेळ लागायचा. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही, भिंतीला धरून उठले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता.

"पाच दिवसांचा मना काय नाय, पोरा. ता मी कवाच सोडून दिला होता. पन हे चार दिवस मना नसते सांगितलेस तर बरा झाला असता."

ते आत गेले. लेकीने बाहेर येऊन विचारलं, चहा टाकू का. मी नको म्हटलं. मग बसून राहिलो, कारण न विचारता निघून जाणंही मला जमेना. अर्ध्या तासाने ते बाहेर आले, मला तिथेच बघून दारात थांबले आणि समोरच्या खुर्चीवर येऊन बसले.